एकतीस के, उजवीकडची खिडकी

चंद्रप्रकाश नाबरांनी चौतीस वर्षं मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पंखे नापास केले. पास करणं हेही त्यांचंच काम होतं, पण पास काय, कोणीही करेल, असं त्यांचं मत होतं. नापास करायला नजर लागते. निवृत्तीनंतर ही नजर मोकळी सुटली आणि घरच्यांची पंचाईत झाली. हॉटेलात नाबर पहिल्या टेबलावर कधीच बसत नसत. पहिलं बेसिनला लागून, दुसऱ्यावर वारा येत नाही, तिसऱ्याचा पाय डुगडुगतो. चौथ्यावर बूड टेकेपर्यंत त्यांच्या बायकोची, शुभाताईंची, भूक मेलेली असे. नाटकाला जायचं तर आठ दिवस आधी ते नाट्यगृहावर जाऊन खुर्च्यांचा तक्ता डोळ्यांखालून घालत. खिशात तीन मीटरची टेप कायमची.

अशा माणसाला त्यांच्या मुलीने विमानातली सीट निवडायला सांगितली.

ऋता कॅलिफोर्नियात राहते. तिने नवं घर घेतलं होतं, वास्तुशांत ठरली होती आणि आईबाबांची तिकिटं काढून झाली होती. मुंबईहून थेट सॅन फ्रान्सिस्को, सोळा तास. "सीट तेवढ्या तुम्ही तिकडून बघा ना बाबा, मला वेळ नाहीये," असं ती फोनवर सहज बोलून गेली. लग्न होऊन आठ वर्षं झाल्यामुळे आपण काय बोलतोय याचा तिला अंदाज राहिला नव्हता.

नाबरांनी फोन ठेवला आणि बायकोला विचारलं, "तुला कुठली हवी?" हा प्रश्न शिष्टाचाराचा होता. उत्तर येईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती.

शुभाताई गवार निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मला खिडकी हवी."

इथे थोडं थांबून नाबरांची बिल्डिंग सांगितली पाहिजे. घाटकोपर पश्चिमेला असल्फ्याच्या चढावर 'मधुकुंज' नावाची चार मजली इमारत आहे आणि तिच्यासमोरून दर दोन-तीन मिनिटांनी विमान जातं. इतकं खालून जातं की शेपटीवरचं चित्र ओळखता येतं. तिथली माणसं बोलता बोलता मध्येच थांबतात, विमान जाऊ देतात आणि सोडलेला शब्द उचलून पुढे चालू लागतात. भांडणंसुद्धा तशीच होतात. शुभाताई एकतीस वर्षं त्या गच्चीवर पापड, मिरच्या आणि चादरी वाळत घालत आल्या होत्या. गच्चीवरचं त्यांचं दुसरं काम म्हणजे पाण्याच्या टाकीचं झाकण. नंदू वॉचमन टाकी बघायला चढतो आणि झाकण लावायला विसरतो. मग त्यात कबुतरं पडतील या भीतीने शुभाताईंना घास जात नाही.

"दर वेळी वाटतं," शुभाताई म्हणाल्या, "वर बसलेल्या माणसाला आपली गच्ची दिसत असेल का? मला एकदा वरून बघायचीय. बाकी काही नको. येताना..."

त्यांचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं, पण नाबर टेप शोधायला उठले होते.

छत्तीस वर्षांच्या संसारात शुभाताईंनी आपणहून मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या. त्यातल्या निळा फ्रिज आणि महाबळेश्वरची सहल या दोन नाबरांनी तपासणी करून नापास केल्या होत्या. हे त्यांना टेप शोधताना अचानक आठवलं आणि बरं वाटलं नाही. त्यांनी नवी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'शुभाला खिडकी. गच्ची दिसलीच पाहिजे.' खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांनी विमानाचा तक्ता मोठ्या कागदावर छापून आणला आणि हॉलच्या भिंतीवर लावला. ही चूक झाली. नाबरांचं दार दिवसभर उघडं असतं आणि भिंतीवर काही लावलं की ते सोसायटीचं होतं.

सर्वात आधी आला तळमजल्यावरचा फिलिप. हा मूळचा गोराईचा. पंचवीस वर्षं परदेशी जहाजांवर स्वयंपाकी होता आणि जहाज पकडायला जगभर विमानाने जायचा, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द मोठा.

"प्रकाश, तू माझं ऐक," फिलिप तक्त्यावर बोट ठेवून म्हणाला. "ही बघ, इमर्जन्सी एक्झिटची लाइन. पुढे कोणच नाय. पाय लांब कर आणि झोप. बाकी सगळा फालतूपणा."

"मग सगळेच का घेत नाहीत?"

"सगळ्यांना देत नाय ना. माणूस फिट लागतो. दरवाजा उघडायला लागतो."

"कधी?"

"विमान पडलं तर."

शुभाताईंनी फिलिपला चहा दिला आणि पडण्याचा विषय परत काढायचा नाही अशी ताकीद दिली.

मग समोरच्या ब्लॉकमधल्या जयाताई आल्या. त्यांचा मुलगा दुबईला आणि त्या चार वेळा जाऊन आलेल्या. "भावोजी, सीटबीट राहू द्या. तुम्ही आधी व्हीलचेअर सांगा," त्या म्हणाल्या. "मी चारही वेळा घेतली. रांग नाही, चालणं नाही, कुठला फॉर्म कुठे द्यायचा ते तोच माणूस बघतो. एकदम झकास नेतात."

"पण तुमचे पाय तर धडधाकट आहेत."

"मग? खुर्चीला काय कळतंय?"

सोसायटीचे सेक्रेटरी माणिकराव विमानात कधीच बसले नव्हते, म्हणून त्यांचं मत सर्वात ठाम होतं. पंखावरची सीट घ्यायची, ती हलत नाही. कोपऱ्यावर ट्रॅव्हल एजन्सी चालवणारा केयूर म्हणाला, "काका, शेपटाकडे घ्या, रिकामं मिळालं तर चार सीटवर आडवं होता येतं." चौथ्या मजल्यावरून निरोप आला की पुढे बसा, मागे पोहोचेपर्यंत चिकन संपतं. नाबर शाकाहारी होते, तरी त्यांनी ते टिपून घेतलं.

वहीत प्रत्येक सल्ल्याला एक पान आणि शेवटी शेरा. पंख: नापास, गच्ची पंखाखाली झाकली जाईल. शेपूट: नापास, संडास जवळ, खुर्ची मागे कलत नाही, ही विमानातली सर्वात वाईट जागा. एक्झिट: पास. व्हीलचेअर: पास. ही दोन पानं त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिली नाहीत, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

प्रश्न उरला डावी खिडकी की उजवी. यासाठी नाबर दोन सकाळी बाल्कनीत स्टूल टाकून बसले. एकसष्ट विमानं मोजली. एकसष्टच्या एकसष्ट डावीकडून उजवीकडे गेली, एकही उलट आलं नाही. म्हणजे विमानाची उजवी बाजू मधुकुंजकडे. उजवी खिडकी! या शोधाचा नाबरांना इतका आनंद झाला की एकही विमान उलट का येत नाही, हा पुढचा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नाही. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पंख्यांची पाती मोजणाऱ्या माणसाकडून हे व्हायला नको होतं, पण झालं खरं.

सीट ठरली. एकतीस के शुभाताईंना, शेजारची एकतीस जे नाबरांना. एक्झिट, खिडकी, उजवी बाजू. केयूरने त्याच्या कॉम्प्युटरवरून ती घेऊन दिली. व्हीलचेअरचं ऋताने तिकडून फोन करून सांगितलं. आता फक्त रंगीत तालीम बाकी होती.

तालीम शनिवारी दुपारी नाबरांच्या हॉलमध्ये झाली. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या टेपने मोजून मांडल्या. शुभाताई खऱ्या खिडकीजवळ, नाबर मध्ये, कडेला फिलिप. पुढे कोणी नाही. जयाताईंनी ट्रेमधून पोहे आणले आणि "व्हेज की नॉनव्हेज" असं विचारलं. माणिकराव उघड्या दारातून आत आले आणि ही सर्वसाधारण सभा आहे का म्हणाले. पाऊण तासाने फिलिप घोरायला लागला, त्यामुळे नाबरांना बाहेर पडता येईना. हा दोष वहीत नोंदवला गेला. पण शुभाताई मात्र सगळा वेळ खिडकीतून बघत होत्या आणि प्रत्येक विमानाला थोडं हसत होत्या, हे नाबरांनी तिरक्या नजरेने पाहिलं. तो दोष नव्हता, म्हणून लिहून ठेवला नाही.

"दरवाजाची प्रॅक्टिस केलीस?" जाग आल्यावर फिलिपने विचारलं. "वजन असतंय त्याला. वीस किलो तरी."

घरात वीस किलोचं काही नव्हतं. पंधरा किलोची तांदळाची गोण होती. नाबर आठ दिवस सकाळी ती गोण छातीशी धरून स्वयंपाकघरातून बाल्कनीत नेत आणि बाहेर ठेवत. विमानाचा दरवाजा बाहेर टाकायचा असतो असं त्यांना वाटत होतं. शुभाताई ती परत आत आणत, त्यामुळे व्यायाम दोघांचाही झाला. आठव्या दिवशी नाबरांच्या कमरेत काहीतरी कट् असं वाजलं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. क्वालिटी इन्स्पेक्टरच स्वतः नापास झाला असं कोण कबूल करणार?

जाण्याचा दिवस उजाडला. विमान दुपारी दीडचं. नाबरांनी गच्चीवरची व्यवस्था लावून दिली होती. शुभाताईंची पिवळी चादर पसरायची, म्हणजे वरून बिल्डिंग ओळखता येईल. फिलिप, जयाताई आणि माणिकराव दीडपासून तिथे उभे राहून हात हलवणार. मधुकुंजपासून विमानतळ वीस मिनिटांवर, तरी नाबर पाच तास आधी निघाले.

विमानतळाच्या दारात रतन नावाचा माणूस दोन व्हीलचेअर घेऊन उभा होता. नाबर एकीत बसले, शुभाताई दुसरीत, आणि रतनने हाक मारून आणलेल्या सोबत्याने ती ढकलायला घेतली. अडीचशे माणसांच्या रांगेशेजारून ते काउंटरकडे निघाले, तेव्हा नाबरांच्या मनात जयाताईंविषयी फार आदर दाटून आला. कमरेलाही बरं वाटत होतं. शुभाताई मात्र पदराने तोंड लपवत होत्या, कारण रांगेतल्या म्हाताऱ्या त्यांच्याकडे बघत होत्या.

काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर 'व्हॅलेन्सिया' अशी पट्टी होती. तिने पासपोर्ट बघितले, पडद्याकडे बघितलं, मग काउंटरवरून वाकून खाली खुर्चीकडे बघितलं.

"काका, तुम्ही व्हीलचेअर ना?"

"हो," नाबर प्रसन्नपणे म्हणाले.

"आणि सीट एक्झिटची?"

"एकतीस जे आणि के. उजवी बाजू."

"नाय जमणार काका. व्हीलचेअरवाल्यांना एक्झिट देत नाय. उद्या काय झालं तर दरवाजा तुम्ही उघडणार, की तुम्हालाच उचलायला माणूस लागणार?"

नाबरांच्या डोळ्यांपुढे वहीची ती दोन पानं आली. कारखान्यात असं कधीतरी व्हायचं. मोटर पास, पाती पास, दांडा पास; जोडल्यावर पंखा फिरायचा नाही. तेव्हा ते जोडणी करणाऱ्याला झाप झाप झापायचे. इथे जोडणी करणारे तेच होते.

ते ताडकन खुर्चीतून उठून उभे राहिले. शेजारच्या रांगेतल्या एका बाईंनी हे बघून हात जोडले आणि डोळे मिटले.

"मला काहीही झालेलं नाही," नाबर म्हणाले. "मी ठणठणीत आहे."

"मग चेअर कशाला घेतली?"

जयाताईंनी सांगितलं, हे उत्तर होऊ शकत नव्हतं. नाबर म्हणाले, "चेअर रद्द करा. मी दरवाजा उघडू शकतो. मी आठ दिवस प्रॅक्टिस केलीय."

"कसली?"

"तांदळाच्या गोणीवर."

व्हॅलेन्सिया शुभाताईंकडे बघायला लागली. शुभाताई जमिनीकडे बघायला लागल्या.

"पटत नाही?" नाबर म्हणाले. "हे बघा." आणि त्या भव्य, थंडगार, परदेशी माणसांनी भरलेल्या जागेत, कोट घातलेल्या चंद्रप्रकाश नाबरांनी स्वतःचे कान धरले आणि उठाबशा काढायला सुरुवात केली. पहिली झाली. दुसरी झाली. तिसरी बसताना झाली, उठताना झाली नाही.

"अहो, उठा," शुभाताई म्हणाल्या.

"उठतोय."

"कधी?"

नाबरांनी कान सोडले नव्हते. रतन पुढे आला आणि त्याने त्यांना तशाच आकारात उचलून खुर्चीत ठेवलं. "साहेब, खुर्ची सोडायची नव्हती," तो हळूच म्हणाला. रांगेतल्या त्या बाईंनी डोळे उघडले आणि त्यांची फार निराशा झाली.

व्हॅलेन्सिया मनाने चांगली होती. तिने पाणी आणवलं, कुठूनतरी दुखण्यावरचा स्प्रे आणवला आणि दहा मिनिटं कॉम्प्युटरशी झटली. पण विमान भरलेलं होतं. "खिडकी एकपण नाय हो काका. मधल्या चारांत दोन आहेत, त्यापण एकामागे एक. चव्वेचाळीस ई आणि पंचेचाळीस ई."

"हिच्यासाठी तरी एक खिडकी," नाबर म्हणाले. आवाजात तपासनिसाची धार उरली नव्हती. "बाकी मला उभा न्या."

"असती तर दिली असती ना," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

विमानात नाबरांच्या समोर शुभाताईंचा अंबाडा होता. पुढचे सोळा तास तोच असणार होता. दोन्ही बाजूंना दोन धिप्पाड माणसं, एकाचं कोपर त्यांच्या हद्दीत. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांना वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. निळा फ्रिज, महाबळेश्वर आणि आता गच्ची. तीनपैकी तीन नापास.

विमान धावलं, उचललं गेलं. नाबरांनी मान जिराफासारखी लांब करून चार माणसांपलीकडच्या खिडकीतून उजवीकडे पाहिलं. घाटकोपर यायला हवं होतं. आला तो समुद्र. ते वाट बघत राहिले. आणखी समुद्र आला.

त्यांनी पुढच्या सीटच्या फटीत तोंड घातलं. "शुभा, हा समुद्र आहे."

"असणारच," अंबाडा म्हणाला.

"घाटकोपर कुठे गेलं?"

"अहो, जाताना कसं दिसेल? आपल्याकडून जातात ती सगळी उतरणारी असतात. चाकं खाली सोडलेली असतात ना त्यांची. उडणारी पलीकडून, समुद्रावरून जातात."

नाबरांनी फटीतच मनातल्या मनात हिशेब केला. एकसष्ट विमानं. एकसष्ट वेळा चाकं. "मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले की. येताना बघायचीय म्हटलं. तुम्ही टेप शोधत होतात." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही एवढं मन लावून करत होतात. मला वाटलं, करू दे."

सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्यावर फोन सुरू केला, तेव्हा फिलिपचा व्हिडिओ आलेला होता. पिवळी चादर, तिच्यामागे जयाताई, माणिकराव, अर्धी सोसायटी आणि नंदू वॉचमन. प्रत्येक विमानाला सगळे जिवाच्या आकांताने टाटा करत होते. खाली फिलिपने लिहिलं होतं, 'तुमचं नक्की कुठलं कळलं नाय, म्हणून अडीचपर्यंत सगळ्यांनाच केला.' त्या दिवशी दुबईहून, दिल्लीहून आणि नागपूरहून मुंबईत उतरणाऱ्या प्रवाशांचं असं स्वागत झालं, आणि ते कशासाठी होतं हे त्यांना कधीच कळणार नाही.

वास्तुशांत छान झाली. नाबरांनी नव्या घरात चौदा दोष काढले, जावयाने ते एका कागदावर लिहून घेतले आणि कागद हरवला. कंबर पंधरा दिवसांत मोकळी झाली. नाबर हिंडत फिरत होते, पण त्यांचं चित्त होतं परतीच्या दिवसावर. विमान मुंबईला सकाळी नऊला उतरणार होतं. लख्ख उजेडात. त्या सकाळी गच्चीवर पुन्हा पिवळी चादर पसरायचा निरोप फिलिपला गेला होता.

चेक-इन सुरू झालं तेव्हा ऋता लॅपटॉप घेऊन बसली आणि नाबर तिच्या मागे उभे राहिले. वही नव्हती, टेप नव्हती.

"बाबा, बहुतेक गेल्याच सगळ्या," ऋता म्हणाली. "मधल्या आहेत. या बघा, पायांना भरपूर जागा, तुमच्या कमरेला बऱ्या. दोन शेजारी शेजारी."

"खिडकी?"

"डावीकडे आहेत दोन."

"उजवी."

"उजवीकडे एकच आहे. अठ्ठेचाळीस के. पण बाबा, ती शेवटची रांग. मागे संडास, खुर्ची मागे होत नाही, दाराची सारखी धाडधाड. ती नको, ती सगळ्यात..."

"घे."

"सोळा तास आहेत बाबा. आणि शेजारची मधली तुम्हाला लागेल."

"ती पण घे. पटकन घे गं, जाईल ना कोणीतरी!"

ऋताने मान वळवून वडिलांकडे पाहिलं. हॉटेलातल्या चार टेबलांच्या आठवणी तिलाही होत्या. मग तिने बटण दाबलं.

अठ्ठेचाळिसावी रांग नाबरांनी वहीत लिहिली होती त्याहून वाईट निघाली. खुर्ची पाटासारखी ताठ. संडासाचं दार पहिल्या चार तासांत त्र्याऐंशी वेळा वाजलं, पुढचं त्यांनी मोजलं नाही. रांगेत उभी राहिलेली माणसं त्यांच्या डोक्याला टेकून गप्पा मारत. जेवण शेवटी आलं, तेव्हा फक्त चिकन उरलं होतं. नाबरांनी पाव आणि लोणी खाल्लं. शुभाताई त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून सहा तास झोपल्या आणि त्या सहा तासांत नाबरांना दोनदा उठायची फार गरज वाटली, तरी ते उठले नाहीत. मागून एवढी माणसं जात होती आणि आपल्याला जाता येत नाही, याचं त्यांना स्वतःलाच हसू आलं.

मुंबई जवळ आली. विमान वळलं, खाली उतरायला लागलं. पोटाखाली घरघर झाली आणि शुभाताई म्हणाल्या, "चाकं." त्यांनी काचेला नाक लावलं. खाली खाडी गेली, मिठागरं गेली, हमरस्ता गेला. शुभाताईंनी न बघताच हात मागे केला आणि नाबरांचं मनगट धरलं.

"आलं घाटकोपर. ती बघा टेकडी. ती शाळा... अहो, चादर! चादर! आपली पिवळी!"

ते तीन सेकंद असतील, फार तर चार. नाबरांना काहीच दिसलं नाही, कारण खिडकीत सगळाच्या सगळा अंबाडा होता. पण मनगटावरची पकड इतकी घट्ट होती की त्यांना सगळं कळलं. फार बरं वाटलं त्यांना. पास केल्यावर इतकं बरं वाटतं, हे त्यांना चौतीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

विमान टेकलं. शुभाताई हळूहळू मागे झाल्या. डोळे भरलेले होते.

"दिसली?" नाबरांनी विचारलं.

"दिसली हो. अगदी स्वच्छ दिसली." त्यांनी पदराने डोळे टिपले. "टाकीचं झाकण उघडं आहे."

विमानाच्या दारात व्हीलचेअर घेऊन रतन उभा होता. ऋताने जाता-येताची सांगून ठेवली होती. त्याने नाबरांना ओळखलं आणि जरा बिचकून खुर्ची पुढे केली. पण शुभाताई तिच्या बाजूने तरातरा पुढे निघून गेल्या होत्या आणि नाबरांना त्यांच्या मागे पळावं लागलं. टॅक्सीत त्या ड्रायव्हरला दोनदा म्हणाल्या, जरा लवकर घ्या, टाकी उघडी आहे.

मधुकुंजच्या खाली फिलिप बॅगा घ्यायला आला. "कशी होती सीट?" त्याने विचारलं.

"शेवटची रांग. संडासाला लागून," नाबर म्हणाले.

"अरे देवा! वाट लागली असेल."

"तूसुद्धा पुढच्या वेळी तीच घे," नाबर म्हणाले आणि बॅग त्याच्या हातात देऊन जिना चढायला लागले. फिलिप बराच वेळ वर बघत राहिला.

गच्चीवर पिवळी चादर होती. झाकण खरंच उघडं होतं आणि कडेवर एक कबुतर बसलं होतं. नाबरांनी कबुतर उडवलं, झाकण लावलं, वर वीट ठेवली. तेवढ्यात डावीकडून विमान आलं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्याची चाकं पाहिली. मग नजर हळूहळू मागे नेली, अगदी शेवटपर्यंत, उजव्या बाजूच्या शेवटच्या खिडकीपर्यंत. तिथे कोण बसलंय ते दिसणं शक्य नव्हतं, पण नाबरांनी दोन्ही हात वर केले आणि ते दिसेनासं होईपर्यंत हलवत राहिले.

"झाकण लावलंत का?" खालून शुभाताईंची हाक आली.